एका कानाने ऐकलेलं बेट

मी एक जुना हेडफोन आहे आणि डाव्या अंगाने मुका आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे ते सगळं मी अर्ध्यानेच ऐकलेलं आहे. उरलेलं अर्धं मी मनाने भरलं. पण ज्यांच्या दोन्ही बाजू शाबूत असतात, ती मंडळी तरी याहून वेगळं काय करतात?

माझा मुक्काम तुमच्यापासून दूरदेशी, मोकपो बंदरात. मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीत एक जुनी इमारत आहे, तिच्या तळघरात ‘सूर्यफूल पीसी बांग’. तासाचे पैसे भरायचे, संगणकासमोर बसायचं, मनसोक्त खेळायचं आणि भूक लागली की बसल्या जागी राम्यनच्या शेवयांचा वाफाळता वाडगा मागवायचा, असा तिथला रिवाज. तळघराला खिडकी नाही. सूर्यफुलाला सूर्य कधी दिसलाच नाही, पण ते नाव ठेवणाऱ्या मावशींना, म्हणजे आमच्या मालकिणीला, त्याचं काही वाटत नसे.

माझा जन्म कारखान्यात झाला. जन्मलो तेव्हा आम्ही इतकी भावंडं होतो की नावं ठेवण्याचा नाद सोडून सगळ्यांच्या कपाळावर एकच अक्षर छापलं गेलं. माझ्या तारा जोडणारी बाई काम करताना गुणगुणत होती. त्यामुळे माझ्या आवाजात अजूनही थोडा गोडवा आहे, असं मी म्हणतो. दुसरं कोणी म्हणत नाही.

काय ते तरुणपणाचे दिवस होते! दाराजवळच्या पहिल्या रांगेत माझी जागा. मला डोक्यावर चढवायला माणसांची ढकलाढकली होई. बंदुकांच्या खेळात शत्रूचं पाऊल आधी ज्याला ऐकू येतं तो जगतो, आणि माझी ख्याती अशी की माझ्यातून मुंगी शिंकली तरी ऐकू येते. एकदा मी खरोखरच मुंगीची शिंक ऐकवली होती, आणि ती कोणत्या बाजूला उभी राहून शिंकली हेही दाखवलं होतं. विश्वास बसत नसेल तर त्या मुंगीला विचारा.

मग एके दिवशी खुर्चीचं चाक माझ्या तारेवरून गेलं. माझी डावी बाजू एकदा कुरकुरली आणि गप्प झाली ती कायमची. मावशींनी तारेला काळी चिकटपट्टी गुंडाळली, मला पहिल्या रांगेतून उचललं आणि अगदी मागच्या कोपऱ्यातल्या खुंटीवर टांगलं. त्या कोपऱ्यात फक्त कप्तान आजोबा बसत.

कप्तान आजोबा सत्तरी ओलांडलेले. आयुष्यभर बेटांवर जाणारी बोट चालवली आणि इंजिनाच्या धडधडीने त्यांचा डावा कान गेला. माझी डावी बाजू मुकी, त्यांचा डावा कान बहिरा. आमची पत्रिकाच जुळली म्हणा ना! रोज दुपारचं जेवण झालं की ते जिना उतरून येत, मला डोक्यावर चढवत आणि फुलांच्या चित्रांच्या पत्त्यांचा डाव मांडत. संगणकाबरोबर खेळत, संगणकाकडून हरत आणि संगणकाला लबाड म्हणत. सगळं बंदर त्यांना ‘कप्तान आजोबा’ म्हणून ओळखे. त्यांना काही नाव असेल असं मलासुद्धा कधी वाटलं नव्हतं.

आता संकटाकडे येतो.

आमच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, नामगुंग नावाच्या माणसाने ‘ड्रॅगन महाल’ उघडला. नवे संगणक, विमानात असतात तशा खुर्च्या. आमची गिऱ्हाइकं जिना उतरायची ती चढू लागली. तेवढ्यावर नामगुंगचं भागेना. त्याला आमचं तळघरही हवं होतं, आणखी खुर्च्या मांडायला. शेवटी घरमालक मेंगसाहेब खाली आले. मित्रांनो, मोकपोतल्या पोरांना मोठं झाल्यावर कोण व्हायचंय असं विचारलं तर निम्मी पोरं ‘घरमालक’ म्हणून सांगतात. मेंगसाहेब म्हणजे त्या पोरांचं स्वप्न चालतंबोलतं.

"टाकबाई," ते मावशींना म्हणाले, "एका इमारतीत दोन पीसी बांग कशाला हवेत?"

"मग वरचा बंद करा," मावशी म्हणाल्या.

"मी अन्याय करणारा माणूस नाही."

"छे! तुम्ही फक्त भाडं वाढवणारे."

मेंगसाहेबांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. "शनिवारी तो नवा खेळ येतोय ना, ‘धुक्याचं बेट’? सगळं गाव त्याच्यासाठी वेडं झालंय. तुझी चार माणसं, त्याची चार. तीन डाव खेळा. जास्त जिंकेल त्याचं तळघर."

"आणि बरोबरी झाली तर?"

"तर जो भाडं जास्त देतो त्याचं."

मावशींनी खांद्यावरचं फडकं काढून टेबल पुसायला घेतलं. टेबल स्वच्छच होतं. तरी त्या कितीतरी वेळ पुसत राहिल्या. "बरं," म्हणाल्या. दुसरं म्हणणार काय? ते तळघर गेलं तर त्यांचं सगळंच गेलं. आणि माझं म्हणाल, तर नामगुंग मला भंगारात टाकणार हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता.

आमच्या संघाची नायिका दासोम. ती मासळी बाजारात लिलावाच्या वेळी पेट्या लावायची. तिने हाक मारली की बांगडेसुद्धा वळून बघायचे, आणि तेही मेलेले. दुसरा थेसोक, चौकात कोंबडी तळून विकणारा. तिसरा मिनगू, नुकताच सक्तीची फौजी नोकरी संपवून आलेला; त्याचं कुठलंही वाक्य ‘आमच्या छावणीत’ असंच सुरू व्हायचं. चौथा गडी एक पट्टीचा नेमबाज होता, पण शनिवारी सकाळीच त्याचा फोन आला. राखीव फौजेच्या कवायतीची तारीख तो विसरला होता आणि आता पळत निघाला होता.

"म्हणजे आपल्याला इथं खोटी बंदूक चालवायला माणूस हवाय," थेसोक कपाळाला हात लावून म्हणाला, "आणि तो गेलाय खरी चालवायला!"

गिऱ्हाइकं सगळी वर होती, नव्या खेळासाठी रांग लावून. तळघरात नजर फिरवली तर एकच माणूस, त्या दिवशी नेमका लवकर आलेला. कोपऱ्यात, मला डोक्यावर घेऊन, संगणकाला लबाड म्हणत बसलेला.

"कप्तान आजोबा," दासोम लवून म्हणाली, "आपल्याला फार त्रास नसेल तर..."

"माणसं मारायची आहेत का?" आजोबांनी विचारलं.

"तीनच डाव, आजोबा."

"मला कुणाला मारता येणार नाही. पण मरता येईल. चालेल?"

नाही कोण म्हणणार? वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणणारं पोर त्या बंदरात अजून जन्मलेलं नाही.

आमच्या कोपऱ्यातल्या संगणकाला हा खेळ पेलवेना. तो तापून दम टाकू लागला. मावशींनी त्याचं झाकण काढलं आणि टेबलपंखा आणून त्याच्या उघड्या छातीसमोर लावला. मग पडदा काळा झाला. आणि मित्रांनो, मग मला बेट ऐकू आलं.

मी जन्मभर खेळ ऐकलेत. त्यांत गोळीचा आवाज म्हणजे ‘धाड’ आणि माणसाचा आवाज म्हणजे ‘आई गं’. मधे काही नसतं. पण या खेळात मधलंच जास्त होतं. आधी समुद्र आला. लाट यायची, गोट्यांवर चढायची आणि परत जाताना एकेक गोटा सोबत ओढायची. लहान गोट्याचा आवाज वेगळा, मोठ्याचा वेगळा. मग वारा. तो आधी पाण्यावरून आला, मग बार्लीच्या शेतात शिरला, आणि शेतात शिरताना त्याने आवाज बदलला, जसा कुणी घरात शिरताना बोलणं हळू करतो. लांब कुठेतरी एका घराचं दार करकरत होतं. त्या दारामागे कुणी आहे की नाही हे कळत नव्हतं, पण कुणीतरी असू शकतं हे कळत होतं. माझ्या अंगावर काटा आला. प्लास्टिकवर काटा येतो का, असं विचारू नका. आला. आणि हे सगळं मी अर्ध्या अंगाने ऐकत होतो. दोन्ही बाजू चालू असत्या तर बहुतेक मी फुटलोच असतो.

मी आजोबांच्या चष्म्याच्या दांडीशेजारी बसतो, त्यामुळे माणसाला जे दिसतं ते मलाही थोडं दिसतं. पहाट होत होती. डोंगराच्या टोकावर पांढरा दीपस्तंभ होता. पाण्यावर धुक्याची पातळ साय धरली होती.

"हे पाणी कुणी बनवलं?" आजोबा हळूच म्हणाले.

"कोणत्यातरी कंपनीनं, आजोबा."

"कंपनीतलं कुणीतरी बोटीत बसलेलं आहे. आणि बसून रडलेलं आहे."

"गवत बघा," थेसोक आपल्या खुर्चीतून म्हणाला. त्याचाही आवाज बसला होता. "प्रत्येक पातं वेगळं हलतंय."

"आमच्या छावणीत अगदी असंच दिसायचं," मिनगू म्हणाला. "फक्त आम्हाला तिथं वर बघायची परवानगी नव्हती."

खेळ तसा सोपा होता. दोन्ही संघ रिकाम्या हाताने बेटावर उतरतात. बंदुका घराघरांत पडलेल्या असतात, त्या शोधायच्या. समुद्रावरून धुकं हळूहळू चढत येतं. ते दीपस्तंभाला टेकलं की डाव संपला. तोवर ज्यांचा माणूस उरला ते जिंकले. दोघांचे उरले तर बरोबरी. मेंगसाहेब जिन्याच्या मधल्या वळणावर खुर्ची टाकून बसले, म्हणजे वर आणि खाली दोन्हीकडे लक्ष राहील. त्यांच्यापुढे एक पडदा ठेवला होता. त्यांनी एक नियम आपल्या पदरचा घातला: मेलेल्याने बोलायचं नाही. ज्या दुकानातलं मेलेलं माणूस बोलेल ते दुकान हरलं.

पहिला डाव सुरू झाला आणि आमच्या संघाला पहिल्याच घरात चार बंदुका सापडल्या. असं नशीब कुणाला लाभतं?

"आजोबा, आपण आधी घ्या," दासोम म्हणाली.

"अगं, तुम्ही लहान आहात, तुम्ही घ्या."

"छे छे, आपण घेतल्याशिवाय आम्ही कशी घेणार?"

"मला काय, कुठलीही चालेल. ही जड आहे का?"

"आपल्याला जड वाटत असेल तर ती हलकी घ्या, आजोबा."

"पण ती मिनगूला आवडली असेल."

"आजोबा, मला काहीच आवडत नाही!" मिनगू कळवळून म्हणाला.

बाहेर नामगुंगची माणसं कधीच सज्ज होऊन डोंगर चढू लागली होती. शेवटी आजोबांनी सगळ्यात वाईट बंदूक घेतली, बाकीच्यांसाठी चांगल्या ठेवल्या, आणि निघाले ते थेट दीपस्तंभाकडे. वाटेत कुणी त्यांच्या पुढे चाललं नाही. ते दमून थांबले की हे थांबत. वर पोचल्यावर आजोबा कठड्याशी गेले आणि तिथेच उभे राहिले.

"अरे देवा," ते म्हणाले. "या, बघा."

खाली सगळं बेट होतं. सूर्य पाण्यातून अर्धा बाहेर आलेला, बार्ली सोन्यासारखी, आणि धुकं किनाऱ्याला चाटत चाटत येत होतं. माझ्यात घारीची एक हाक आली आणि ती इतक्या उंचावरून आली की मी मान वर करणार होतो. मला मान नाही हे तेव्हा आठवलं.

आणि मित्रांनो, आमचे तीन योद्धे काय करत होते? वडील माणूस उभा असताना बसायचं कसं, म्हणून तेही उभे होते. त्यांच्या मागे, एका ओळीत.

"आजोबा," दासोम दबक्या आवाजात म्हणाली, "आपली हरकत नसेल तर, जरा खाली वाकलात तर फार..."

धाड. धाड. धाड. धाड.

चौघेही गेले. वरच्या मजल्यावर असा जल्लोष झाला की आमच्या छतातून माती गळली. मावशी हातात उकडलेल्या अंड्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या.

"देवदर्शनाला गेला होतात काय रे? रांगेत उभे!"

दासोमचे डोळे भरले होते. वरून नामगुंगचा आवाज आला, "मावशी, सामान बांधायला माणसं पाठवू का?"

आजोबांनी मला डोक्यावरून काढलं, सदऱ्याच्या कोपऱ्याने पुसलं, परत चढवलं, आणि म्हणाले, "चूक कुणाची आहे सांगू? तुमच्या आयांची. फार चांगलं वळण लावलंय तुम्हाला."

"आजोबा, माफ करा..."

"हे बघा, परत! आता याजा."

आमच्याकडे मेजवानीत रंग चढला की कधीकधी हा खेळ करतात. कुणीतरी ‘याजा’ म्हणतं आणि तेवढ्या वेळापुरती वयं उलटी होतात. थोरला धाकटा होतो, धाकटा थोरला. साहेबाला शिपाई दम भरतो. वेळ संपली की पुन्हा पहिल्यासारखं, आणि कुणी कुणावर राग धरायचा नाही.

"शेवटचा डाव संपेपर्यंत मी इथला सगळ्यात धाकटा," आजोबा म्हणाले, "आणि दासोम सगळ्यांत थोरली. तुम्ही सांगायचं, मी ऐकायचं. माझं नाव बोंगमान. मारा हाक."



"मला नाही जमणार," थेसोक म्हणाला. "आज घरी गेल्यावर आईला तोंड कसं दाखवू?"

"मावशी, तुम्ही कान झाकून घ्या," मिनगू म्हणाला.

दासोमने डोळे मिटले. बहुधा समोर बांगड्यांची पेटी आणली असावी. मग एक मोठा श्वास घेतला आणि लिलावातल्या आवाजात ओरडली:

"बोंगमान्या!"

मी कानशिलावर बसणारा. तिथली शीर मला सगळ्यांच्या आधी कळते. ती शीर अशी उडाली, जशी दोरी सोडल्यावर बोट उडते. आजोबा पडद्याकडेच बघत राहिले.

"ऐकू आलं नाही का रे?" दासोमने दटावलं.

"आलं," आजोबा म्हणाले. "अजून एकदा म्हण."

"बोंगमान्या!"

"हां." त्यांनी नाक ओढलं. "बायको गेल्यापासून या नावाला कुणी हात लावला नव्हता. मला वाटलं गंजलं असेल."

मावशी वळून अंडी सोलू लागल्या.

दुसरा डाव म्हणजे दंगा होता. एकदा तोंड उघडल्यावर आमच्या सभ्य पोरांना आवरता येईना. "बोंगमान्या, वाक! बोंगमान्या, बंदूक उलटी धरलीस गाढवा! शिपाई बोंगमान, पळ!" आजोबा "जी ताई, जी दादा" करत पळत होते, भिंतींवर आपटत होते. शत्रू डावीकडून आला काय नि उजवीकडून आला काय, आम्हा दोघांना सगळं उजवीकडूनच ऐकू यायचं, त्यामुळे आजोबा नेहमी उजवीकडेच वळत आणि वळता वळता गोल फिरत. नामगुंगची माणसं त्यांच्याकडे बघून हसत राहिली, आणि तेवढ्यात दासोमने मागून येऊन चौघांनाही आडवं केलं. आता वरती शांतता होती, आणि छतातली उरलेली माती आमच्या ओरडण्याने पडली.

तिसऱ्या डावाआधी मावशींनी दासोमला आणि आजोबांना राम्यनचे दोन वाडगे आणून दिले. दोघांनीही हात लावला नाही. भूक कुणाला होती?

या वेळी नामगुंग हसला नाही. तो पूर्वी स्पर्धांमध्ये खेळलेला माणूस, आणि आता तो तसा खेळू लागला. थेसोक पुलाजवळ मारला गेला. मिनगू विहिरीशी. दासोमने आजोबांना बार्लीच्या शेताच्या बांधावर आणलं.

"बोंगमान्या, इथं आडवा पड. मी सांगेपर्यंत हलायचं नाही. श्वास घ्यायचा तरी मला विचारून."

"जी ताई."

ती शेताबाहेर पडली. तिने नामगुंगचे तिघे गडी टिपले, शेवटचा टिपता टिपता नामगुंगने तिला टिपलं.

आता बेटावर दोनच माणसं. एक नामगुंग, आणि एक माझ्याखालचा.

आमच्याभोवती सगळे गोळा झाले. मेलेले तिघे, आणि मावशी. कुणी बोलायचं नव्हतं. जिन्याच्या वळणावर मेंगसाहेब काठी टेकून कान टवकारून बसले होते. बार्ली आमच्या डोक्यावरून वाहत होती. एक कणीस माझ्या इतक्या जवळ घासलं गेलं की मला त्याचा वास आला असं मी शपथेवर सांगेन. खेळातली संध्याकाळ झाली होती. मागून धुकं येताना ऐकू येत होतं. धुक्याला आवाज असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. सगळे आवाज एकेक करून विझत जातात, तो धुक्याचा आवाज. आधी गोटे गप्प झाले, मग लाटा, मग ते लांबचं करकरणारं दार.

आणि दीपस्तंभावर नामगुंग दिसला.

तो आम्हाला शोधायला वर चढला होता. कठड्याशी आला आणि थांबला. सकाळपासून तो त्या बेटावर फक्त बंदुका शोधत होता, माणसं शोधत होता. समोर काय आहे ते त्याने आत्ता पहिल्यांदा पाहिलं. त्याने मागाहून स्वतःच कबूल केलं की त्या क्षणी त्याला डावाचं भान राहिलं नाही. सगळं आभाळ लाल झालं होतं आणि समुद्राने ते जसंच्या तसं परत दिलं होतं. एक माणूस, काळा, सबंध आभाळापुढे उभा. याहून सोपं निशाण बंदुकांच्या खेळात कधी कुणाला मिळालं नसेल.

आजोबांनी बंदूक रोखलेली होती. बोट घोड्यावर होतं. आणि ते हलत नव्हते.

मिनगूने स्वतःची मूठ तोंडात घातली. थेसोक भिंतीकडे वळला. मावशींनी फडकं दातांत धरलं. धुकं शेताच्या कडेला आलं. ते वर टेकलं की बरोबरी, आणि बरोबरी झाली की तळघर गेलं. आणि आजोबा का थांबले होते ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. ताईने सांगितलं नव्हतं! थोरल्याने सांगितल्याशिवाय धाकट्याने हलायचं नाही, हे ते सत्तर वर्षं शिकले होते. आणि आज ते धाकटे होते, अगदी मनापासून.

दासोमने इकडेतिकडे पाहिलं. मग एक खुर्ची ओढली आणि आजोबांच्या शेजारी बसली, त्यांच्या नजरेच्या कोपऱ्यात येईल अशी. गार झालेला वाडगा पुढे ओढला. आणि पाठ ताठ करून, घरातली सगळ्यात वडील बाई बसते तशी बसून, तिने चमचा उचलला.

आमच्या देशात पंगतीत बसलेला धाकटा कितीही भुकेला असो, थोरल्याने चमचा उचलेपर्यंत वाट बघतो. चमचा उचलला गेला की त्याचा अर्थ एकच: करा सुरू.

तिने भुरका मारला. जोरात.

"जी ताई," आजोबा म्हणाले, आणि बंदूक झाडली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी एवढा मोठा आवाज काढला नव्हता. आजोबांनी बंदुकीत होत्या तेवढ्या सगळ्या गोळ्या झाडल्या. एक आभाळात गेली, एक बार्लीत, एक दीपस्तंभाच्या भिंतीत. बाकीच्या कुठे गेल्या हे तो खेळ बनवणाऱ्यांनाही सांगता येणार नाही. नामगुंगला एकही लागली नाही. पण तो इतका दचकला की मागे सरकला, आणि मागे कठडा संपला होता.

त्याची किंकाळी वरच्या मजल्यावरून एकदा ऐकू आली आणि माझ्यातून एकदा.

धडधडत जिना उतरून तो खाली आला. "हा काही डाव झाला? मला गोळी लागली नाही, मी पडलो!"

मेंगसाहेब काठी टेकत त्याच्या मागून आले. त्यांनी आजोबांच्या पडद्याकडे पाहिलं. तिथे अजून बार्ली हलत होती.

"तू आहेस का बेटावर?" त्यांनी नामगुंगला विचारलं.

"नाही, पण..."

"हा आहे. आडवा का होईना, आहे."

नामगुंगची नजर दासोमच्या हातातल्या चमच्यावर पडली. "ती मेलेली होती, तिने खूण केली!"

"मेलेल्याने बोलायचं नाही असं मी म्हटलं होतं. जेवायचं नाही असं म्हटलं नव्हतं." मग ते मावशींकडे वळले. "टाकबाई, तळघर तुझं. पण ही छतातली माती झाडून घे."

मावशी मटकन खाली बसल्या आणि फडक्यात तोंड घालून रडल्या. थेसोक आणि मिनगू नाचले. नामगुंगने शेवटी एक उकडलेलं अंडं खाल्लं, आणि मग हळूच विचारलं, "आजोबा, तुम्ही सकाळी वर चढला होतात, तेव्हाही तो समुद्र असाच दिसत होता का?"

"सकाळी सोनेरी होता," आजोबा म्हणाले. "बस, दाखवतो."

तेवढ्यात दासोम भानावर आली. डाव संपला होता, म्हणजे याजाही संपला होता. ती ताडकन उठली आणि कमरेत वाकली. "कप्तान आजोबा, माफ करा. मी आपल्याला गाढव म्हणाले." मागे थेसोक आणि मिनगूही वाकले. तळघरात पुन्हा सगळं जिथल्या तिथे आलं.

आजोबांनी मला काढलं, माझी तार नीट गुंडाळली, आणि माझ्याकडे बघतच विचारलं, "उद्या कुणी येणार आहे का इकडं?"

"का, आजोबा?"

"मला ती बंदूक अजून नीट धरता येत नाही. ओरडायला कुणीतरी लागेल."

दासोमने कंबर सरळ केली. मग मासळी बाजारातल्या आवाजात म्हणाली, "उद्या दुपारी ये. आणि उशीर केलास तर बघ, बोंगमान्या."

मावशींनी त्यानंतर नवे हेडफोन आणले. दोन्ही बाजूंनी बोलणारे, दिवे लागणारे. आजोबांनी मात्र मला बदलू दिलं नाही. त्या बेटावर मी अजून रोज जातो, आणि रोज तिथे काहीतरी नवं ऐकतो. परवा पहिल्यांदा पावसातली बार्ली ऐकली. त्याबद्दल मी काही सांगणार नाही, कारण तुम्हाला वाटेल मी थापा मारतो.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा एखादा असेल तर त्याला तारेला धरून ओढू नका आणि त्याची तार खुर्चीच्या चाकाखाली येऊ देऊ नका. आम्ही गुपचूप मुके होतो. तक्रार कशाने करणार? आणि तुमच्या घरात एखादं म्हातारं माणूस असेल, ज्याला सगळे नुसतं आजोबा किंवा आजी म्हणतात, तर एकदा त्याच्याजवळ बसून त्याचं नाव विचारा. लहानपणी आई त्याला काय म्हणून हाक मारायची तेही विचारा, आणि त्याची परवानगी घेऊन तशी एक हाक मारून बघा. माझ्या खेळातलं माणूस मेलं तरी पुढच्या डावात उठून उभं राहतं. तुमच्या घरातलं राहत नाही. तेव्हा आजच मारा.